टोळीचा खाऊ

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आप्पा, म्हणजे माझे वडील, पाटणच्या डोंगरातून अठराव्या वर्षी कळंबोलीच्या लोखंड बाजारात आले आणि निवृत्त होईपर्यंत माथाडी म्हणून सळ्या, पत्रे, अँगल उतरवत राहिले. त्यांच्या उजव्या खांद्याची कातडी अजून चपलेच्या तळासारखी आहे. मी बी.कॉम. झाले, वर टुरिझमचा डिप्लोमा केला आणि वाशीच्या एका सहल कंपनीत लागले. ज्या घरातलं कुणी विमानात बसलं नव्हतं, त्या घरातली मुलगी रोज चाळीस-पन्नास माणसांना विमानात बसवते, याचा आप्पांना फार अभिमान. बाजारात कुणी भेटलं की सांगायचे, ‘पोरगी ढगातली मुकादम हाय.’

थायलंडमध्ये गांजा कायदेशीर झाला तेव्हा आमच्या मॅडमनी मला बोलावलं. कंपनी त्यांचीच. म्हणाल्या, “यावर नीट लिहून दे. आपल्या बुकिंगचं काय होईल, तिकडच्या म्युझिक फेस्टिव्हलचं काय होईल, आणि उद्या इकडे कायदा बदलला तर आपण कुठे असू?”

मी नऊ पानं लिहिली, इंग्रजीत. मॅडमनी शोधायला लावलं होतं त्यापेक्षा जास्त शोधलं. समुद्राकाठच्या तीन दिवसांच्या फेस्टिव्हलला आता जास्त पोरं जातील, पण फक्त गाण्यासाठी येणारी काही माणसं धुराला कंटाळून गळतील. दारूचे स्टॉल कमी होतील आणि गांजाच्या पानाचं चित्र लावलेले स्टॉल वाढतील. मारामाऱ्या कमी होतील, पण नवख्या माणसाने किती घ्यावं हे सांगायला तिथे कुणी नसेल. कुटुंबं विचारतील, ‘तिथे मुलं नेली तर चालतील का?’ आणि इकडे कधी तसं झालंच, तर नवी मुंबईत पाम बीच रस्त्याच्या बाजूला एखादं मैदान घेऊन गाण्याचा कार्यक्रम करणाऱ्यांना गेटवर बॅगा तपासणाऱ्या माणसांपेक्षा समजावून सांगणारी माणसं जास्त लागतील. हे शेवटचं वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. मीटिंगमध्येही आवडलं.

सहाव्या पानावर ‘परतीचा प्रवास’ असा भाग होता. तिथली गोष्ट तिथे कायदेशीर म्हणून माणूस ती सहज बॅगेत टाकतो, आणि मुंबईत उतरतो तेव्हा तीच गोष्ट गुन्हा असते. ती खाण्याच्या वस्तूंतही असते. बिस्किटं, गोळ्या, चॉकलेट. तिकडेही खाण्याच्या वस्तूंचे नियम कडक आहेत, पण जत्रेतल्या स्टॉलवर ते कोण बघतो? हे सगळं मी लिहिलं. पाठ होतं मला.

दोन वर्षं काढली की आमच्याकडे कर्मचाऱ्याच्या घरच्या एका माणसाला एक टूर फुकट मिळते. आई म्हणाली, “मला न्हाई ढगात बसायचं. माझे गुडघे जमिनीवरच नीट चालत न्हाईत.” म्हणून आप्पा गेले. टूर थायलंडचीच होती. अर्धी तरणी पोरं, फेस्टिव्हलसाठी निघालेली. अर्धे खाडीकाठच्या गावांतले काका-काकू, देवळं आणि समुद्र बघायला निघालेले. एका संध्याकाळी सगळ्यांना फेस्टिव्हलचा पास होता. ही जोडणी माझी कल्पना. दोन टूर एका बसमध्ये बसवल्या होत्या.

निघायच्या आधी प्रवाशांना सूचनांचा एक कागद देतो. तो मीच केला होता, माझ्या नऊ पानांतून काढून. इंग्रजीत. आप्पांना इंग्रजी येत नाही, म्हणून घरी बसून मी त्यांना ओळ-ओळ मराठीत सांगितली. पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. चप्पल देवळाबाहेर, पण जोडी लक्षात ठेवा. पाचव्या ओळीवर ‘कॅनबिस प्रॉडक्ट्स’ होतं, म्हणजे गांजाच्या वस्तू. तिथे मी थांबले आणि सहाव्या ओळीवर गेले.

का गेले ते सांगते.

आमच्या घरात तो शब्द उच्चारत नसत. आप्पांच्या टोळीत आमच्याच गावचा एक जण होता. ट्रक टर्मिनलला ड्रायव्हर लोकांत बसून गांजाच्या नादाला लागला आणि एक दिवस क्रेनखाली बेसावध उभा असलेला सापडला. त्या दिवशी तो वाचला, पण त्याच्यामुळे दुसरा कुणीतरी मरेल म्हणून आप्पांनी, त्याच्या सख्ख्या मित्राने, त्याला टोळीतून काढलं. पुढे तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. त्याची बायको दोन घरं सोडून राहते. हे झालं तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर आमच्याकडे तो विषय निघाला की आई नुसतं ‘ते’ म्हणायची. मी तीस वर्षांची झाले, अनोळखी माणसांपुढे स्लाइड लावून तो शब्द शंभर वेळा बोलले, पण आप्पांच्या पुढ्यात जीभ उचलली नाही. मनात म्हटलं, आप्पा काय गांजा आणणार आहेत?

तिसऱ्या दिवशी फेस्टिव्हलमधून परतल्यावर त्यांचा फोन आला.

“आगं, नुसती धडधड. छातीत पंप बसवल्यागत. आपला ढोल बरा.”

“मग लवकर आलात?”

“न्हाई, शेवटपातूर बसलो. पोरं काय नाचत हुती, पर कुणी कुणाला ढकललं न्हाई. आपल्याकडं गणपतीत दोन तर भांडणं झाल्याबिगर राहत्यात व्हय?” मग म्हणाले, “पर वास येत हुता. टर्मिनलला यायचा तोच. उघड्यावर चाललंय सगळं. पोलीस बघतोय आन् फुडं जातोय.”

त्यांनीच दार उघडून दिलं होतं. मी म्हटलं, “आप्पा, जेवलात का?”

“जेवलो की,” म्हणाले. दोघांनीही फोन ठेवला.

परतीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसात माझ्या मोबाइलवर फोटो आला. हॉटेलच्या पलंगावर पांढरी चादर, तिच्यावर पत्र्याचे सोनेरी डबे, अकरा-अकराच्या दोन ओळी, सळ्यांचा गठ्ठा लावावा तसे सरळ. झाकणावर हत्ती, आणि हत्तीच्या सोंडेत पान. सात बोटांचं हिरवं पान. खाली आप्पांनी बोलून पाठवलं होतं, ‘टोळीचा खाऊ.’

टोळीचा हा रिवाज बाहेरच्याला सांगावा लागतो. माथाडीच्या टोळीत एकट्याचं काही नसतं. काम सगळ्यांनी मिळून उचलायचं आणि येईल ते सारखं वाटून घ्यायचं. खाण्याचंही तसंच. कुणी गावाला गेला, देवाला गेला, कुणाच्या लेकीचं लग्न झालं, तर येताना टोळीतल्या प्रत्येकाचा भाग आणायचा. कमी नाही, जास्त नाही, सगळ्यांना एकच वस्तू. आता सगळे निवृत्त झालेत, तरी चालू आहे. आप्पा विमानाने परदेशी गेलेले टोळीतले पहिले. ते रिकाम्या हाताने येणं शक्यच नव्हतं.

मी फोटो मोठा करून डबे मोजले. एक डबा बॅगेत सापडला तर माणूस म्हणू शकतो, साहेब, चूक झाली, बिस्किटं समजून घेतली. एकसारखे बावीस डबे, ओळीत लावलेले, गळ्यात पासपोर्टची पिशवी घातलेल्या म्हाताऱ्याकडे. त्याला कोण चूक म्हणणार? जो रिवाज मला सगळ्यांत चांगला वाटत आला, तोच आप्पांना धंदेवाला ठरवणार होता.

आप्पा फोन उचलेनात. मी टूर लीडरला लावला. बरोबर गेलेला आमच्या कंपनीचाच मुलगा.

“बस कधी निघते?”

“अर्ध्या तासात. का, काय झालं?”

“माझ्या वडिलांच्या बॅगेत डबे आहेत. सोनेरी. हत्तीवाले.”

“हां, ते. काका फेस्टिव्हलच्या स्टॉलवर घेत होते. मी म्हटलं ना, काका, एवढे कशाला? तर म्हणाले, तुला नाय कळायचं.”

“काय आहे त्यात, बघितलंस?”

तो हळू म्हणाला, “मला वाटलं बिस्किटं. ताई, कागदावर तुम्ही दिलंच होतं ना सगळं.”

दिलंच होतं. “आप्पांना फोन दे,” म्हटलं.

जिन्याचा आवाज, दार, मग आप्पा. खुशीत होते. “फोटू बघितलास? पोरगी लई गोड हुती स्टॉलवरची. वाकून नमस्कार केला तिनं. हर्बल हाय म्हणाली. आपल्या टूथपेस्टवर लिवलेलं असतंय तसलंच.”

“आप्पा, ते आणायचं नाही. तिथेच टाकून या.”

“खाऊ टाकायचा?”

“हो.”

“येडी का काय? टोळीचा हाय. सगळ्यांना फोनवर सांगून बसलोय.”

आजूबाजूला ऑफिस चालू होतं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी काश्मीरच्या हॉटेलशी भांडत होतं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, “आप्पा, त्यात गांजा आहे.”

पलीकडे पत्र्याचा डबा खडखडला. मग, “बिस्किटात?”

“हो.”

“आगं, गांजा मी तुझ्यापरीस जास्ती वळखतो. वास न्हाई ह्याला.”

“नसतो. साखरेत, लोण्यात जिरवतात. ते झाकणावरचं पान त्याचंच.”

“हत्तीनं धरल्यालं?”

“तेच.”

“आन् तुला ठावं हुतं?”

“हो.”

“कवापासनं?”

“दोन वर्षं. नऊ पानं लिहिलीत मी त्यावर.”

आप्पा ओरडत नाहीत. ओझं उचलायच्या आधी ते एकदा नाकाने श्वास घेतात, तसा घेतलेला ऐकू आला. “मंग घरी कागूद वाचताना का न्हाई सांगितलंस?”

“तुमच्यासमोर तो शब्द कसा काढायचा, आप्पा?”

“आगं बाय, चाळीस वर्सं मी ट्रकवाल्यांत काढली. शबुद ऐकून मी मरनार हुतो व्हय? शबदाला भिऊन बापाला बेडी घालत हुतीस.”

मी घड्याळाकडे बघितलं.

“बाविसावा डबा कुनाचा, ठावं हाय न्हवं?” ते म्हणाले.

टोळी एकवीस जणांची. बाविसावा भाग दोन घरं सोडून राहणाऱ्या त्या काकूंचा, ज्यांचा नवरा गांजापायी नाहीसा झाला. आप्पांनी त्याला टोळीतून काढलं, पण त्याचा भाग कधी काढला नाही. दिवाळीचा फराळ असो की पाटणचे तांदूळ, एक वाटा त्यांच्या दारात जातो. आप्पा स्वतः नेऊन देतात आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नाहीत.

“तिच्या दारात मी हे न्हेऊन ठिवलं असतं,” आप्पा म्हणाले.

“नाही नेलंत ना अजून. खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाका आणि बसमध्ये बसा. वेळ नाही.”

“खोलीत न्हाई टाकनार.”

“आप्पा…”

“खोली झाडायला बाई येती. तिची दोन पोरं हायती, मला फोटू दावलाय तिनं. सोन्यागत डबं, वर हत्ती. ती टाकून देईल व्हय? घरी नेईल की पोरांस्नी.”

मी नऊ पानांत हॉटेल, स्टॉल, पोलीस, विमानतळ सगळं लिहिलं होतं. खोली झाडणारी बाई मला सुचली नव्हती.

शेवटी टूर लीडरला बरोबर घेऊन ते हॉटेलसमोरच्या, पाटीवर तेच गांजाचं पान असलेल्या दुकानात गेले. दुकानदारापुढे डबे ठेवले. तो आधी घेईना, त्याचे नव्हतेच ते. मग आप्पांनी हात जोडले आणि मराठीत सांगितलं, बाबा, ठिव, हितं चालतंय, तितं न्हाई चालत. टूर लीडर पुढे मला हसत सांगत होता, “ताई, त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने उलट हात जोडले आणि बावीसच्या बावीस मोजून घेतले.” बस वीस मिनिटं थांबली. तरण्या पोरांनी आप्पांसाठी टाळ्या वाजवल्या. काकू लोकांनी आपापल्या पिशव्या खाली घेऊन तपासल्या. एका काकूंकडे गांजाच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. पाचवी ओळ त्यांनीही वाचली नव्हती.

मी घरी आईला फोन केला. सगळं सांगितलं. तो शब्द आता सुटा झाला होता, आईपुढेही निघाला. ती म्हणाली, “आन् तुझा?”

“माझा काय?”

“परवा म्हणत हुते, टोळीचं बावीस आन् पोरीचा एक येगळा. तुझा मोठ्या बॅगेत टावेलात गुंडाळलाय म्हणाले. फुटायला नको म्हणून.”

फोटोत बावीसच होते.

पुन्हा टूर लीडर. बस विमानतळाच्या रस्त्याला लागली होती, मोठ्या बॅगा खाली पोटात. मी सांगितलं, बॅगा काउंटरवर द्यायच्या आधी आप्पांची बॅग उघड, टॉवेल बघ. त्यानंतरचा पाऊण तास मी कुठलंच काम केलं नाही. मॅडम येऊन म्हणाल्या, “तब्येत बरी आहे ना?” मी हो म्हटलं.

मग आप्पांचाच फोन आला. “घावला. इसरलोच हुतो. टाकला हितल्या पेटीत, पोलिसाला दावून. तो काय बोलला न्हाई, जा म्हणाला हातानं.” मग म्हणाले, “तुझा म्हणून येगळा ठिवला हुता. येगळा ठिवायचा नसतोय, त्येच चुकलं.”

संध्याकाळी आप्पा मुंबईच्या विमानतळावरून बाहेर आले ते चप्पल घासत, नेहमीच्या चालीने. बॅग कुणी उघडलीही नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून वाशीचा पूल येईपर्यंत बाहेर बघितलं. पूल आल्यावर म्हणाले, “ईमान बरं हुतं. कानात दडं बसत्यात.” एवढंच.

दुसऱ्या दिवशी कळंबोलीच्या बेकरीतून त्यांनी बावीस पुडे नानकटाई आणली आणि टोळी बसते त्या झाडाखाली गेले. खोटं बोलता आलं असतं, पण टोळीत बोलत नाहीत. सगळं सांगितलं. मी त्यांना सोडायला गेले होते, म्हणून ऐकलं.

“म्हंजी ढगातल्या मुकादमानं आमाला बुडवलं,” एक जण माझ्याकडे बघत म्हणाला. “म्हातारपणी जरा हलकं झालो असतो.”

“बिस्किट खाऊन हा लोखंड उचलायला परत बाजारात गेला असता,” दुसरा.

“थायलंडला जाऊन आला आन् नानकटाई. कळंबोलीची. वा रं पाहुणा.”

आप्पा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. बाविसावा पुडा उचलून घेतला आणि उठले. त्या घरापर्यंत मी बरोबर गेले. त्यांनी पुडा उंबऱ्यावर ठेवला. काकू बाहेर आल्या. नेहमी आप्पा इथून वळतात. त्या दिवशी उभे राहिले आणि त्यांनाही सांगितलं, काय आणणार होतो ते, त्या शब्दासकट. काकूंनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आत या, चा टाकते.” आप्पांनी चपला काढल्या.

आता तिकडे कायदा पुन्हा आवळलाय, डॉक्टरची चिठ्ठी लागते असं ऐकते. उद्या परत सैल होईल. इकडेही कधी काय होईल सांगता येत नाही. फेस्टिव्हलच्या टूर आम्ही अजून नेतो, भरून जातात. माझं त्या धुराबद्दल फारसं मत नाही. आप्पांनी तिथे भांडण न करणारी पोरं बघितली, आणि त्यांनीच क्रेनखालचा माणूसही बघितलाय. दोन्ही खरं आहे. माझं काम एवढंच, की एका कायद्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसाला मधली रेघ दिसली पाहिजे.

मी सूचनांचा कागद मराठीत केला. मॅडम म्हणाल्या, “एवढं ठळक? क्लायंट घाबरतील.” मी म्हटलं, “माझे वडील घाबरले नाहीत, मॅडम.”

छापायच्या आधी कागद आप्पांना दाखवला. चष्मा लावून, बोट फिरवत त्यांनी पाचवी ओळ वाचली. मी लिहिलं होतं, ‘गांजा किंवा गांजायुक्त पदार्थ भारतात आणू नयेत.’

“युक्त काढ,” म्हणाले. “लिव की सरळ. बिस्किटात असतो, गोळीत असतो, वास येत न्हाई, हत्तीच्या डब्यात बी असतो. आन् पाचवी कशापायी? पयली कर.”

“पहिली पासपोर्टची आहे, आप्पा.”

“पासपोर्ट इसरला तर मानूस घरी राहतो,” ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. “पयली कर. आन् टूर निघायच्या मीटिंगला तूच वाच. मोठ्यानं.”